जुन्या वास्तूचा मान आणि भार
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून सामान्यतः तीन गोष्टी होत असतात : गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक, ज्येष्ठांचा सत्कार आणि निधीसाठी विनंती. तिन्ही योग्यच आहेत, आणि आजही त्या यथास्थित पार पडल्या. परंतु कार्यकारी मंडळाने ह्या वेळी आम्हांस जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा काही मंडळींच्या मनात हा विषय इतिहाससंशोधकांचा, आपला नव्हे, असे आल्यावाचून राहिले नसेल. वास्तविक हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपलेला आहे. २०१२ सालच्या जुलैअखेरीस मुंबईतील वारसा वास्तूंची व परिसरांची एक नवी प्रस्तावित यादी लोकांच्या हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध झाली. तीत नऊशेहून अधिक नोंदी होत्या, आणि त्यांत केवळ राजवाडे व सरकारी कचेऱ्या नव्हत्या. दादरच्या वसाहती होत्या, शिवाजी पार्कचा परिसर होता, चाळीही होत्या. त्या यादीवर केवढे वादळ उठले हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे. ‘आमच्या घराला मान मिळाला’ असे म्हणणारे थोडे होते. ‘आमच्या घराला आता खिळा ठोकावयाचीही चोरी झाली’ असे म्हणणारे पुष्कळ होते.

तेव्हा वारसा दर्जा म्हणजे नेमके काय, तो काय देतो, काय घेतो, आणि काय देऊ शकत नाही, हे शांतपणे समजून घेणे आपल्या सर्वांच्या हिताचे आहे. त्यासाठी आम्ही उदाहरण घेणार आहोत ते मुंबईतील जुन्या हॉटेलांचे. घरांचे उदाहरण घेतले की ज्याचा त्याचा स्वार्थ व ज्याची त्याची भीती मध्ये येते. हॉटेल हे कोणाचेच घर नसल्यामुळे त्याच्याकडे निर्विकार दृष्टीने पाहता येते. आणि दुसरे कारण असे की, मुंबईच्या दोन हॉटेलांची कथा शेजारी शेजारी ठेविली असता जो बोध मिळतो तो दहा नियमावल्या वाचून मिळणार नाही.

हॉटेलाला वारसा म्हणावयाचे कशासाठी, असा प्रश्न प्रथम उभा राहतो. देवळाला म्हणावे, किल्ल्याला म्हणावे, थोर पुरुषाच्या जन्मघराला म्हणावे. पैसे देऊन रात्र काढण्याच्या जागेचा कसला वारसा? परंतु मुंबई हे बाहेरून येणाऱ्यांनी घडविलेले शहर आहे. आपले पूर्वजही केव्हा तरी गलबतातून, बैलगाडीतून वा आगगाडीतून येथे उतरले आणि प्रथम कोणाच्या तरी वाडीत, धर्मशाळेत किंवा खाणावळीत पथारी टाकून राहिले. अशा शहराचा इतिहास त्याच्या उतारूंच्या जागांमध्ये साठलेला असतो. लोकमान्य टिळकांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेविला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. आणि सरदारगृह हे उतारूंच्या निवासाचेच ठिकाण होते. तेथून निघालेल्या अंत्ययात्रेच्या आठवणी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या घरांना उताऱ्याच्या जागेचे महत्त्व निराळे समजावून सांगावयास नको.

आता दर्जाविषयी. आपल्याकडे वास्तूंना संरक्षण तीन पायऱ्यांवर मिळते, आणि ह्या तीन पायऱ्यांची गल्लत झाल्यामुळेच निम्मी भीती उत्पन्न होते. पहिली पायरी केंद्र सरकारची. १९५८ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या व राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना संरक्षण मिळते. अशा स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापलीकडील दोनशे मीटरांत ते परवानगीवाचून करता येत नाही. ही व्यवस्था २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली. दुसरी पायरी राज्य सरकारची. तिच्यासाठी १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. ह्या दोन पायऱ्या मुख्यतः लेणी, किल्ले, देवळे, समाध्या ह्यांच्यासाठी होत. तेथे वास्तू जशी आहे तशी राखणे हेच कर्तव्य असते.

तिसरी पायरी स्थानिक आहे, आणि आपला संबंध येतो तो हिच्याशी. एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंसाठी ६७ वा नियम अंमलात आला. नागरी वारशासाठी अशी नियमावली करण्यात मुंबई ही भारतातील इतर शहरांच्या पुढे होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. ह्या नियमान्वये यादीतील वास्तू तीन श्रेणींत विभागल्या गेल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूच्या अंतर्बाह्य स्वरूपात, बळकटीसाठी अत्यावश्यक असल्याखेरीज, हात लावावयाचा नाही. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे पोटभाग आहेत. ह्या श्रेणीत वास्तूचे मूळ वैशिष्ट्य राखून अंतर्भागात बदल करता येतात, जुन्या वास्तूस नवा उपयोग देता येतो, आणि ‘ब’ विभागात योग्य प्रसंगी त्याच आवारात जादा बांधकामही शक्य असते. तिसरी श्रेणी परिसराच्या रूपास शोभा आणणाऱ्या इमारतींची; तिच्यात सर्वांत अधिक मोकळीक आहे. बदल करावयाचा तर महानगरपालिकेच्या आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि आयुक्त त्यासाठी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. दर्जामुळे ज्या मालकाचा बांधकामाचा हक्क आखडला जातो त्यास तो हक्क अन्यत्र वापरण्याची वा विकण्याची सोय, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्काची तरतूद, ह्याच नियमावलीत करण्यात आली.

ह्यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानी येईल. स्थानिक दर्जा हा वास्तूस काचेच्या कपाटात बसविण्यासाठी नाही. वापरात असलेली वास्तू वापरात राहावी, परंतु वापरता वापरता तिचा जीव जाऊ नये, ह्यासाठी तो आहे. आपल्या भाषेत ‘जीर्णोद्धार’ हा जो शब्द आहे त्याचा आशय हाच होय. देवळाचा जीर्णोद्धार करताना कोणी पूजा कायमची बंद करीत नाही. उलट पूजा अखंड चालावी म्हणून जीर्णोद्धार करावयाचा असतो.

आमच्या मते कोणत्याही जुन्या वास्तूपुढे तीन प्रश्न असतात. ही वास्तू कोणत्या उपयोगास येणार? तिच्या नित्याच्या डागडुजीचा पैसा कोठून येणार? आणि तिच्यातील कोणती गोष्ट कोणत्याही परिस्थितीत जाऊ द्यावयाची नाही? वारसा दर्जा ह्यांपैकी केवळ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मालक, वापर करणारे व शासन ह्यांनीच द्यावयाची असतात; ती न दिल्यास दर्जा कागदावर राहतो आणि वास्तू जमिनीवर येते. हे विधान आता त्या दोन हॉटेलांच्या कथेवर पारखून पाहू.

पहिले वॉटसन हॉटेल. काळा घोडा भागात, पुढे जी एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली गेली ती ही इमारत. जॉन वॉटसन ह्या कापडाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८६० नंतरच्या दशकात ती उभारली. रोलंड ऑर्डिश ह्या अभियंत्याने तिची रचना केली. तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, म्हणजे ज्याला आपण बीड म्हणतो त्याचा. खांब, तुळया व सुटे भाग विलायतेत ओतले, आगबोटीने मुंबईस आणले आणि येथे एकमेकांत बसवून बहुमजली इमारत उभी केली. ह्या पद्धतीच्या भारतातील बहुमजली इमारतींत अस्तित्वात राहिलेली ही सर्वांत जुनी गणली गेली. १८९६ च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातील पहिला खेळ ह्याच हॉटेलात झाला, आणि पुढे लवकरच ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. त्या काळी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, ह्या नव्या कलेने भारून गेले; त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने घेतलेल्या आरंभीच्या चित्रपटांत तिची गणना होते. सारांश, वॉटसनच्या इमारतीशी आपल्या चित्रपटसृष्टीचे पाळणाघराचे नाते आहे.

हॉटेल बंद पडले आणि इमारतीचे दिवस पालटले. मोठ्या खोल्यांचे लहान लहान गाळे झाले. न्यायालये जवळ असल्यामुळे वकिलांच्या कचेऱ्या आल्या, दुकाने आली, काही बिऱ्हाडे आली. प्रत्येकाने आपापल्या सोयीप्रमाणे पडद्या घातल्या. ह्या सर्व माणसांना दोष देणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. मुंबईत भाडे नियंत्रणाचा १९४७ चा जो कायदा झाला त्याच्या इंग्रजी नावातच भाडी, हॉटेले व लॉजिंग हाउसेस ह्या तिन्हींचा उल्लेख होता. त्या कायद्याने भाड्याची पातळी १ सप्टेंबर १९४० ह्या दिवसाशी बांधली. युद्धोत्तर टंचाईत असंख्य सामान्य कुटुंबांचे छप्पर त्यामुळे टिकले, आणि त्यांत आपल्या ज्ञातीतील कुटुंबे काही थोडी नव्हती. हा उपकार विसरून चालणार नाही. परंतु भाडे चाळीस सालचे आणि गवंड्याची मजुरी चालू सालची, हा हिशोब मालकास कधी जुळला नाही व भाडेकरूसही जुळविता आला नाही. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. तथापि हजारो मोडकळीस आलेल्या इमारतींपुढे त्या मंडळाची शक्ती अपुरी पडत गेली.

आता पाहा, वॉटसनच्या इमारतीला दर्जा नव्हता असे मुळीच नाही. ती दुसऱ्या श्रेणीच्या ‘अ’ विभागात होती. इतकेच नव्हे, तर जागतिक स्मारक निधी ह्या संस्थेने २००६ सालासाठी जगातील धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंची जी यादी केली तीतही तिचे नाव आले. आणि तरीही २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागाचा काही अंश कोसळला व त्यात एका माणसाचा जीव गेला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. मुंबईच्या आय. आय. टी. च्या अहवालाने ती पाडावी असे मत दिले; वारसा संवर्धनातील तज्ज्ञांनी ती वाचविता येईल असे प्रतिपादन केले. ह्या तांत्रिक वादात निवाडा देण्याचा अधिकार आमचा नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, जगाच्या यादीत नाव असलेल्या इमारतीच्या सज्ज्याखालून जाणाऱ्या माणसाला ते नाव वाचवू शकले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणापाशीच नव्हती.

दुसरे हॉटेल ताजमहाल. वॉटसनपासून ते पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, अशी कथा सर्वतोमुखी आहे. तिला समकालीन पुरावा सापडत नाही, म्हणून आम्ही तिच्यावर काही उभारू इच्छीत नाही. १६ डिसेंबर १९०३ रोजी हे हॉटेल उघडले, आणि १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी निवर्तले, हे मात्र निश्चित. म्हणजे आपल्या हॉटेलाचे वैभव त्यांना जेमतेम पाच महिने पाहावयास मिळाले. ह्या वास्तूच्या मूळ रचनाकारांत सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ही दोन नावे आहेत. काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज अभियंत्याने पुरे केले. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन डिसेंबर १९२४ मधले. म्हणजे जी कमान आज मुंबईचे महाद्वार समजली जाते, तिच्या वीस वर्षे आधीपासून ताजचा घुमट समुद्रावरून येणाऱ्यांचे स्वागत करीत होता. पहिल्या महायुद्धात ह्याच हॉटेलाचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून २९ तारखेच्या सकाळपर्यंत तेथे जे घडले त्याचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. त्या हल्ल्यांत मुंबईत १६६ माणसे मृत्युमुखी पडली. घुमटाशेजारून उठणारे धुराचे लोट साऱ्या देशाने घरोघरी पाहिले. त्या वेळी कोणी म्हणू शकले असते की, जुना भाग आता पाडावा आणि नवा बांधावा. तसे झाले नाही. शेजारचा मनोरा त्याच वर्षी २१ डिसेंबरला उघडला. जुन्या राजेशाही भागाचा जीर्णोद्धार मात्र घाईने उरकण्यात आला नाही. तो भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे सुमारे एकवीस महिन्यांनी, पाहुण्यांसाठी खुला झाला.

ताज का वाचले? त्याच्या पाठीशी टाटांसारखा समर्थ उद्योगसमूह होता, हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. श्रीमंत मालकांनीही जुन्या वास्तू पाडल्याची उदाहरणे मुंबईत पावलोपावली आढळतील. ताजच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र आली. उपयोग अखंड होता : हॉटेल म्हणून बांधलेली वास्तू शंभर वर्षे हॉटेलच राहिली. पैसा त्या उपयोगातूनच येत होता. आणि काय राखावयाचे ह्याविषयी मालक, शहर व सामान्य माणूस ह्यांच्यात दुमत नव्हते. ज्याने आयुष्यात ताजच्या पायरीवर पाऊल ठेविले नाही त्यालाही तो घुमट आपला वाटत होता. २०१७ मध्ये तर ताजच्या बाह्यरूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. भारतातील एखाद्या इमारतीस असे संरक्षण मिळाल्याचे ते पहिलेच उदाहरण होते.

येथे एक शंका रास्त आहे. वास्तूचा जीर्णोद्धार उत्तम झाला, मालक सुज्ञ आहे, व्यवसाय चांगला चालतो. मग तिला दर्जा कशाला हवा? आजारी माणसाला औषध द्यावे, निरोग्याला कशाला? ह्याचे उत्तर असे की, दर्जा आजच्या मालकासाठी नसतो, उद्याच्या मालकासाठी असतो. जीर्णोद्धाराने वास्तूची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की तिच्या खालच्या जमिनीकडे पाहणारे डोळेही वाढतात. आज प्रेमाने केलेले काम उद्या वारसांच्या वाटणीत, परवा विक्रीत आणि तेरवा पुनर्विकासात नाहीसे होऊ शकते. मृत्युपत्र धडधाकट असतानाच करावे असे आपण म्हणतो. वास्तूच्या दर्जाचेही तसेच आहे.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. जीर्णोद्धार करावयाचा तो कोणत्या काळातील रूपाचा? सिंगापूरचे रॅफल्स हॉटेल ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८८७ मध्ये सार्कीज ह्या आर्मेनियन बंधूंनी ते सुरू केले. बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. सिंगापूर हे नगरराज्यच असल्यामुळे तेथे राष्ट्रीय व स्थानिक हा भेद उरत नाही. दर्जा आधी मिळाला आणि त्यानंतर १९८९ पासून १९९१ पर्यंत हॉटेल बंद ठेवून जीर्णोद्धार झाला. त्या वेळी १९१५ च्या सुमाराचे, म्हणजे त्याच्या भरभराटीच्या काळाचे, रूप प्रमाण मानण्यात आले. त्यापुढील डागडुजीसाठी २०१७ ते २०१९ ह्या काळात ते पुन्हा टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. ह्यातून दोन गोष्टी शिकता येतात. एक अशी की, दर्जा देताना ‘वास्तू जतन करावी’ एवढे मोघम वाक्य पुरत नाही. कोणत्या काळाचे कोणते अंग, हे स्पष्ट लिहावे लागते. दुसरी अशी की, जीर्णोद्धार हा एकदा करून मोकळे होण्याचा विधी नाही. लेकीच्या लग्नाप्रमाणे तो एका मुहूर्तावर उरकत नाही. तो घरच्या देवपूजेप्रमाणे चालू ठेवावा लागतो.

आता आपल्या घरांकडे वळू. २०१२ च्या यादीला ज्यांनी विरोध केला त्यांत आपली माणसे होती, आणि तिचे स्वागत ज्यांनी केले त्यांतही होती. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते? इमारत पन्नास-साठ वर्षांची, छत गळते, उद्वाहक नाही, वृद्ध आईवडील तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरू शकत नाहीत, मुलांचे संसार वाढले आणि खोल्या तेवढ्याच राहिल्या. अशा वेळी पुनर्विकास हीच एक आशा, आणि ती दर्जामुळे मावळणार. ह्या दुःखाला ‘इतिहासाविषयी अनास्था’ असे नाव देणे क्रूरपणाचे होईल. ज्याच्या डोक्यावर गिलावा पडतो त्याला कमानीच्या सौंदर्यावर व्याख्यान देऊ नये.

परंतु स्वागत करणाऱ्यांचेही म्हणणे ऐकावयास हवे. त्यांनी असे पाहिले होते की, दोन-तीन मजल्यांची घरे जाऊन उंच मनोरे आले, आणि पुष्कळदा जुनी बिऱ्हाडे त्या मनोऱ्यांत फार काळ टिकली नाहीत. देखभालीचा मासिक खर्च झेपेना, जागा विकली गेली, आणि एका गल्लीत वाढलेली कुटुंबे अंबरनाथपासून विरारपर्यंत पांगली. जी व्हरांड्यातील बैठक, जो चौकातील गणेशोत्सव, जी एकमेकांच्या सुखदुःखाला धावण्याची रीत आपल्या ज्ञातिसंस्थेस आजवर जिवंत ठेवीत आली, ती ज्या वास्तूंनी सांभाळली त्या गेल्यावर ती राहीलच असे नाही. ह्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तेव्हा ‘दर्जा हवा की नको’ असा सरसकट प्रश्न विचारून त्याचे एका शब्दात उत्तर मिळणार नाही. प्रत्येक वास्तूस ते तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतील.

म्हणून आपल्या कुटुंबांना, व विशेषतः तरुण पिढीला, आम्ही काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवू इच्छितो.

पहिली गोष्ट, कागद जपावेत. वास्तूचे जुने नकाशे, भाडेपावत्या, दुरुस्तीची बिले, लग्नमुंजींच्या छायाचित्रांत मागे दिसणारे जिने, कठडे व खिडक्या ह्यांचे मोल आज वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे. उद्या दर्जाची सुनावणी झाली वा दुरुस्तीचा प्रसंग आला, तर मूळ रूप कसे होते ह्याचा पुरावा ह्याच पेट्यांतून निघेल. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊ देऊ नयेत.

दुसरी गोष्ट, पावसाळ्यापूर्वीची निगा. वास्तू एका दिवसात पडत नाही. ती तुंबलेल्या पन्हळीतून, भिंतीत उगवलेल्या पिंपळाच्या रोपातून, गंजलेल्या सळईतून आणि कापलेल्या तुळईतून वर्षानुवर्षे पडत असते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास आतील ओल कोंडून भिंत अधिकच खचते, हे जाणत्या गवंड्यास ठाऊक असते, त्यास विचारावे. पोटमाळे व जादा पाण्याच्या टाक्या घालण्यापूर्वी भार सोसेल किंवा नाही हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्यानेच आवश्यक आहे. ती केवळ दाखल्यापुरती करून घेऊ नये.

तिसरी गोष्ट, सूचना व हरकतींची मुदत चुकवू नये. दर्जा देण्यापूर्वी जाहीर नोटीस निघते व लोकांचे म्हणणे मागविले जाते. त्या वेळी आपण घरी बसावयाचे आणि निर्णय झाल्यावर सभा भरवावयाच्या, ही रीत सोडून दिली पाहिजे. विरोध करावयाचा असेल तर तो लेखी व सकारण करावा. पाठिंबा द्यावयाचा असेल तर त्याच पत्रात दुरुस्तीच्या पैशाची, विकासहक्काच्या मोबदल्याची आणि वृद्धांसाठी उद्वाहकाची मागणीही नोंदवावी. मान देणाऱ्याकडून भार वाहण्याची हमी मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो नागरिकाचा हक्क होय. आणि जेथे मालक व भाडेकरू दोघेही आपल्यापैकीच असतील, तेथे प्रथम त्या दोघांनी एका सतरंजीवर बसावे. ज्ञातिसंस्था एवढे तरी घडवून आणू शकली नाही, तर तिच्या अस्तित्वाचा उपयोग तो काय?

चौथी आणि शेवटची गोष्ट आपल्या सार्वजनिक जबाबदारीची. ज्या वास्तूंत आपण राहत नाही, ज्यांच्या पायरीवर आपण कधी चढलो नाही, त्यांच्याविषयीही आपणांस मत असावे. वॉटसनची इमारत जर हॉटेल, ग्रंथालय, कचेऱ्या वा चित्रपटविषयक संग्रहालय म्हणून वेळीच पुन्हा उपयोगात आली असती, तर तिच्या उत्पन्नातून तिची दुरुस्ती होण्याचा संभव होता. परंतु ती कोणाची, हेच कोणास उमगेना. मालकास ती ओझे वाटली, गाळेधारकास ती पत्ता वाटली आणि शहरास ती जुनी वाटली. ताज आपले आहे असे साऱ्या मुंबईस वाटले. हे ‘आपले वाटणे’ कोणत्याही नियमाने निर्माण होत नाही. ते घरात, शाळेत व अशा सभांतून निर्माण करावे लागते.

आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले, विहिरी खणल्या, घाट बांधले. ते करताना पुढील पिढ्यांचा विचार केला. आपण पुढील पिढीस निदान एक स्वच्छ हिशोब तरी द्यावयास हवा : कोणती वास्तू राखली आणि का, कोणती सोडली आणि का. राखलेल्या वास्तूच्या भिंतीवर मानाची पाटी लागेल तेव्हा ती लावण्याच्या समारंभास आपण सारे जाऊच. परंतु दरवर्षी मृगापूर्वी तिची पन्हळ साफ करावयास त्यांतील किती जण शिडी धरतील, ह्यावर त्या पाटीचे आयुष्य ठरणार आहे. ती शिडी धरणाऱ्यांत आपल्या ज्ञातीतील तरुण असावेत, एवढी इच्छा आहे.